बैलाचा खांदा आणि उमेदवाराची पोटरी

व्यायामाने शरीर कमावलं जातं ही समजूत जितकी जुनी तितकीच अर्धवट आहे. व्यायामाने शरीर मोडतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, साठवलेली साखर खर्ची पडते, पाणी घामावाटे जातं आणि मेंदू कुरकुर करू लागतो. पुढच्या काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत, शरीर ही मोडतोड दुरुस्त करतं आणि पुन्हा असाच प्रसंग आला तर असू द्यावं म्हणून थोडं जास्तीचं बांधकाम करून ठेवतं. या जास्तीच्या बांधकामालाच लोक ताकद म्हणतात. म्हणजे मोडण्याचं काम मैदानावर चालतं आणि बांधण्याचं अंथरुणावर. पहिल्या कामाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला ‘उठ की आता’ असं ऐकावं लागतं. तब्येतीच्या बऱ्याचशा तक्रारी या एका अन्यायातून सुरू होतात.

या विषयाच्या अभ्यासाला गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा सोयीचं आहे. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळून काही अंतर उत्तरेला वाहते, आणि पैलतीरावर चंद्रपूर जिल्हा लागतो. काठावर मार्कंडेश्वराच्या देवळांचा जुना समूह आहे, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि भोवतालच्या मुलखात थकलेल्या माणसांचे तीनही मुख्य प्रकार सापडतात. पहिला, पोलीस भरतीची तयारी करणारा उमेदवार. दुसरा, धानाच्या बांधीत राबणारं कुटुंब. तिसरा, ताण घालवायला जंगलात आलेला शहरी पाहुणा. पहिल्याला विसावा नको असतो, दुसऱ्याला मिळत नाही आणि तिसऱ्याला जमत नाही. चौथा प्रकार बैलाचा. त्याचं शास्त्र पक्कं असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

ताणाच्या शास्त्राची सुरुवात उंदरांपासून झाली. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवून पाहिलं, जखमा करून पाहिल्या, दमेपर्यंत पळवून पाहिलं, निरनिराळी औषधं टोचून पाहिली. त्रास कोणताही असो, उंदराच्या शरीराचं उत्तर ठरलेलं होतं. सेल्ये यांनी त्या उत्तराचे तीन टप्पे सांगितले: आधी धोक्याचा इशारा, मग झुंज, आणि त्रास थांबलाच नाही तर दमछाक. तंदुरुस्तीच्या दृष्टीने गोम दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांच्या मध्ये आहे. दुसऱ्यात थांबणारा तयार होतो, तिसऱ्यात शिरणारा आजारी पडतो. दोन्हींच्या सीमेवर कुठेही पाटी लावलेली नाही.

इशाऱ्याचा टप्पा या दोन जिल्ह्यांत समजावून सांगावा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायामाणसं मोहफुलं वेचायला जंगलात जातात, आणि वाघही त्याच जंगलात असतो. इथे वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात, त्यामुळे ही भीती थट्टेवारी नेण्याची नाही. झुडूप हललं की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं, काळीज धडधडतं, यकृत साखर मोकळी करतं आणि पचन थांबतं. पचन थांबवण्यात शहाणपण आहे; आपण कुणाच्या पचनी पडणार का, हा प्रश्न आधी निकाली निघायला हवा. झुडपातून रानडुक्कर निघतं आणि पळून जातं. मावशी टोपलं घेऊन घरी येते आणि शेजारणींना सगळं सांगते. दुसऱ्यांदा सांगताना रानडुकराच्या जागी वाघ आलेला असतो, तिसऱ्यांदा त्याची लांबी वाढलेली असते. तोवर नाडी जागेवर येते, भूक लागते आणि मावशी जेवायला बसते. ताण आला, वापरला गेला आणि उतरला. निसर्गाने ही यंत्रणा बसवली ती अशाच कामासाठी.

मात्र हीच यंत्रणा निवड यादीची वाट पाहतानाही चालू होते. शरीराला वाघ आणि यादी यांतला फरक समजत नाही. ते दोन्हींसाठी तीच रसायनं काढतं. फरक इतकाच की वाघ पाच-दहा मिनिटांत आपल्या वाटेने जातो. यादी जाहीर होते, तात्पुरती ठरते, सुधारित येते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात. या काळात उमेदवाराचं कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने ड्युटीवर असतं. ते फार काळ चढं राहिलं की झोप उडते, सर्दी-पडसं जाता जात नाही, स्नायूंची डागडुजी रेंगाळते आणि घरातल्या माणसांवर खेकसण्याचं प्रमाण वाढतं. या शेवटच्या लक्षणाचं निदान घरचे लोक डॉक्टरच्या आधी करतात, फक्त त्याला वेगळं नाव देतात.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत संपवलं तर पैकीच्या पैकी. मुलींना ८०० मीटर असतं आणि पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद मिळतात. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. २०२४ साली राज्यात १७ हजारांच्या आसपास जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले आणि चाचण्या १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या. एका जागेमागे शंभर जण उभे असताना विश्रांतीचा दिवस घेणं हे उरलेल्या नव्व्याण्णवांना वाट मोकळी करून देण्यासारखं वाटतं. त्या नव्व्याण्णवांनाही नेमकं हेच वाटत असतं. त्यामुळे कुणीच थांबत नाही आणि सगळ्यांच्या नडग्या एकाच सुमारास दुखायला लागतात.

या तयारीची एक ठरलेली पद्धत आहे. पहाटे चारला मोबाईल वाजतो. तो उशाशीच असतो, कारण रात्री साडेअकरापर्यंत त्यावर चालू घडामोडींचा अभ्यास चाललेला असतो. त्यातल्या काही घडामोडी क्रिकेटच्या असतात. आई उठून चुलीशी जाते. रात्री भिजत घातलेले हरभरे स्टीलच्या वाटीत तयार असतात. तळ सुटलेला बूट फेव्हिक्विकने चिकटवून दाराशी ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर अंधारात पाच-सहा जण जमतात आणि रोज, म्हणजे अगदी रोज, घड्याळ लावून १६०० मीटर जीव तोडून धावतात. प्रशिक्षकाची जागा गेल्या भरतीत दोन गुणांनी राहिलेल्या थोरल्या उमेदवाराकडे असते. दोन गुणांनी राहिलेल्या माणसाचा अनुभव दांडगा असतो, आणि त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष एकच असतो: आणखी धावायला हवं होतं. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात त्याची पोटरी धरली होती आणि तो लंगडत होता, ही बाब निष्कर्षात धरलेली नसते.

एखाद्या दिवशी यांतला एक जण धावायला आला नाही तर सकाळी सातच्या आत गावाला कळतं. पानठेल्यावर ‘आज नाही धावला का रे बाबू?’ अशी चौकशी होते. ‘बिमार हायेस का?’ हा दुसरा प्रश्न त्यातल्या त्यात सहानुभूतीचा. ‘सुस्त झाला पोट्टा’ हा निकाल दुपारपर्यंत घरी पोचतो. आजारपण चालतं, लग्नकार्य चालतं, एसटी चुकली तरी चालतं. पण उद्या नीट धावता यावं म्हणून आज झोपलो, हे कारण कुणी देत नाही आणि दिलं तर कुणाला पटत नाही. विश्रांतीला साक्षीदार नसतो. घाम दिसतो, सुजलेला घोटा दिसतो, पण झोपेत स्नायूंत काय चाललंय ते आईलाही दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं श्रेय गावात कुणी देत नाही.

या उमेदवारांसाठी एक दाखला फार जवळचा आहे. १६०० मीटर म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी. मैलाचं अंतर चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. १९५४ च्या वसंतात त्याची तयारी अडली. ४०० मीटरचे पल्ले सारखे मारूनही वेळ काही केल्या कमी होईना. तेव्हा तो मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला निघून गेला, काही दिवस धावलाच नाही, आणि परत आल्यावर अडलेली वेळ खाली आली. शर्यतीच्या आधीचे काही दिवसही त्याने विश्रांती घेतली. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांची नोंद केली. चामोर्शीच्या रस्त्यावर हा दाखला दिला की पहिली प्रतिक्रिया अशी येते की त्याला लेखी परीक्षा नसेल. त्याला ती होती, आणि पुढे तो मेंदूविकारांचा नावाजलेला डॉक्टर झाला.

दुसऱ्या प्रकारातल्या माणसांना व्यायामाचा सल्ला देण्याची हिंमत कुणी करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते. बायका गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, हातात पऱ्ह्यांची जुडी धरून दिवसभर मागे मागे सरकत रोवतात. व्यायामशाळेत हाच प्रकार पाच मिनिटं करायला लावतात आणि त्याचे पैसे घेतात. पुढे नोव्हेंबरात कापणी, मग चुरणं, उन्हाळ्यात मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, म्हणून पानं तोडण्याचं काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपतात. उन्हाला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात हे क्रीडाशास्त्र सांगतं. इथल्या माणसांना ते ठाऊक आहे. उन्हाच्या पहिल्या दिवसांत कुणी उगाच शौर्य गाजवत नाही. शौर्य गाजवायला बाहेरगावहून पाहुणे येतात.

या कामात दमण्याची सोय भरपूर आहे, विसाव्याची मात्र घरातल्या घरात वाटणी होते. रोवणीवरून परतलेला पुरुष ओसरीवर टेकतो, कारण तो दमलेला असतो. त्याच बांधीतून परतलेली बाई चूल पेटवते, कारण तो दमलेला असतो. तिने कधी सुट्टी घ्यायची ठरवलीच, तर सुट्टीच्या दिवशी तिने काय काय करावं याची यादी सगळं कुटुंब मिळून करतं: डाळ पाखडणं, गोधडी धुणं, राहून गेलेलं सारवण आणि पाहुण्यांचा स्वयंपाक. शरीर ही यादी वाचत नाही. वाकलेली कंबर बांधीत वाकली की न्हाणीत, याची वेगळी नोंद त्याच्याकडे नसते. दमलेल्या बाईच्या विसाव्याची तरतूद कोणत्याही पंचांगात नाही. बैलाच्या विसाव्याची आहे.

ती तरतूद म्हणजे पोळा. श्रावण अमावास्येला येणारा हा सण चिखलणी आणि रोवणीचा जोर ओसरल्यावर येतो, म्हणजे बैलावरचा सर्वांत मोठा भार नुकताच उतरलेला असताना. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू ज्या जागी बसतं तिथे मानेच्या बुडाशी कातडी जाड झालेली असते, कधी घासून सालपट निघालेलं असतं. तिथे आधी गरम पाण्याने पुसतात. मग हळद आणि तूप एकत्र करून तळहाताने हळूहळू चोळतात. महागाईमुळे तुपाच्या जागी तेल आलं, हळद टिकून आहे. बैल आधी कातडी थरथरवतो, शेपूट मारतो, मग मान खाली घालून डोळे अर्धवट मिटतो. चोळणारा त्याच्याशी पुटपुटत असतो. शेवटी त्याच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी बोडीत नेऊन धुणं, शिंगं रंगवणं, पाठीवर झूल, तोरणाखाली मान आणि पुरणपोळी. त्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाहीत. चाबूकही हाती घेत नाहीत.

शहरातला कोणताही मोठा खेळाडू यापेक्षा वेगळं काही करत नाही. भाराचा हंगाम संपला की शेक, मालीश, पूर्ण विश्रांतीचा दिवस, भरपूर कर्बोदकं आणि कुणीतरी दोन शब्द चांगले बोलणं. खेळाडूला यातल्या प्रत्येकासाठी वेगळा माणूस नेमावा लागतो आणि वेगळं बिल येतं. बैलाला हे सगळं अमावास्येच्या नावाखाली एकत्र मिळतं, आणि सुस्त झाला म्हणून पानठेल्यावर त्याची चर्चाही होत नाही. त्याच घरातला मुलगा मात्र पोळ्याच्या पहाटेही १६०० मीटर धावून येतो. आल्यावर बैल धुवायचं काम त्याच्याकडेच असतं.

सण आला की विश्रांती आपोआप होते असं मात्र नाही. झाडीपट्टी म्हणवणाऱ्या या मुलखात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. मंडई, शंकरपट असं काही निमित्त असलं की गावात मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेच्या सुमारास शेवटचा अंक संपतो. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मनावरचा ताण उतरायला हे औषध नामी आहे; खळखळून हसणं, मोकळेपणाने रडणं आणि ओळखीच्या माणसांच्या गर्दीत बसणं या तिन्ही गोष्टी एकाच तिकिटात होतात. झोपेची उधारी मात्र चढते. नाटक संपल्यावर थेट मैदानावर जाणारा उमेदवार ताजातवाना असल्यासारखा दिसतो, कारण डोक्यात अजून तिसरा अंक चालू असतो. त्याची खरी वेळ घड्याळ सांगतं.

झोपेबद्दल शास्त्राने हात राखून काहीच सांगितलेलं नाही. रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं आणि दुरुस्तीचं मोठं काम तेव्हा उरकतं. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, कष्ट करणाऱ्याला त्याहून जास्त. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात काढायला सांगितलं. बाकी सराव तोच ठेवला. ते आधीपेक्षा वेगाने धावू लागले आणि त्यांची नेमबाजी ९ टक्क्यांनी सुधारली. असा प्रयोग मार्कंड्याच्या पंचक्रोशीत करायचा म्हटलं तर दहा तास अंथरुणात पडलेल्या मुलाला घरचे पाचव्या दिवशी भगताकडे नेतील. त्यामुळे इथे व्यवहार्य उपाय वेगळा: मोबाईल रात्री दहाला दुसऱ्या खोलीत, आणि दुपारी जेवणानंतर वीस-तीस मिनिटांची डुलकी. वामकुक्षीला परंपरेचा आधार असल्यामुळे तिची बदनामी कमी होते.

तिसरा प्रकार, ताण घालवायला आलेला पाहुणा. त्याचा मुख्य मुक्काम ताडोब्याला असतो, जे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे; मार्कंडा परतीच्या वाटेवर ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणून उरकायचं असतं. शहरात सातला उठणं ज्याला जमत नाही तो इथे विसावा घेण्यासाठी चारला उठतो, थंडीत कुडकुडत फाटकावर रांग लावतो आणि जिप्सीत बसून चार तास ताठ मानेने झाडी न्याहाळतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ‘दिसला का?’ असं विचारलं जातं. दुसऱ्या गाडीला दिसला आणि आपल्याला दिसला नाही, हा ताण कार्यालयातल्या कुठल्याही ताणापेक्षा तीव्र असतो. ज्याच्यासाठी हे चाललंय तो वाघ त्या वेळी बहुधा बांबूच्या सावलीत आडवा असतो. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात, तरी दिवसाचा बराचसा वेळ तो लोळण्यात घालवतो आणि त्याला कुणी सुस्त म्हणत नाही, निदान तोंडावर तरी नाही.

पाहुण्याच्या मनगटावर घड्याळ असतं. ते रात्रीची झोप मोजतं आणि सकाळी तिला गुण देतं. गाढ झोप कमी झाली असं घड्याळाने सांगितलं की छान झोपून उठलेला माणूसही थकल्यासारखा वागू लागतो आणि रात्री गुण वाढवायच्या काळजीत जागा राहतो. हा विकार इतका पसरला की २०१७ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. मार्कंड्याच्या घाटावर मोबाईलची रेंज दगा देते, घड्याळाची नोंद वर चढत नाही, आणि पाहुणा हात उंच करून देवळाभोवती फिरतो. भाविकांना ती प्रदक्षिणा वाटते.

देऊळ मात्र या विषयातला एक धडा उघड्यावर मांडून आहे. जुन्या काळी वीज पडून मुख्य मंदिराची पडझड झाली आणि पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाली. अलीकडे जीर्णोद्धारासाठी वरचे दगड उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. उतरवणं झपाट्याने होतं, चढवणं सावकाश. दुखावलेल्या स्नायूचाही हाच क्रम आहे. पोटरीचा स्नायू एका उडीत फाटतो आणि जुळायला आठवडे घेतो. घाईने पुन्हा धावायला गेलं की तिथेच फाटतो, कारण नवं बांधकाम अजून ओलं असतं. मलम, पट्टी आणि मोहाच्या बियांच्या तेलाचं मालीश यांनी आराम वाटतो. वेळेला मात्र पर्याय नाही.

वेळेच्या बाबतीत या गावाचा अधिकार मोठा आहे, कारण ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं त्या मार्कंडेयाला सोळाच वर्षांचं आयुष्य मिळालं होतं. कथेप्रमाणे मुदत संपल्या दिवशी यम दाराशी आला, तेव्हा मुलाने पळापळ केली नाही. पिंडीला मिठी मारली आणि जप चालू ठेवला. पुढचं शंकराने पाहून घेतलं. शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर ही कृती बिनचूक होती. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्हींच्या उच्चाराने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ दिला की नाडी उतरते. गोळाफेकीच्या वर्तुळाबाहेर नंबराची वाट पाहणाऱ्या उमेदवाराला हे विनाखर्च करता येतं. तो सहसा त्या वेळात शेजारच्याचे दंड पाहत बसतो.

ताणाची किंमत हृदय कशी वसूल करतं हे याच जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. धानोरा तालुक्यातल्या शोधग्राममध्ये आदिवासी आरोग्यावर काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, ऐन पंचेचाळिशीच्या आत, हृदयविकाराचा झटका आला. गडचिरोलीच्या खेड्यात राहणाऱ्या, साधं जगणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्या माणसाला हा आजार व्हावा याचं लोकांना नवल वाटलं. त्यांनी आपली जीवनशैली तपासली आणि आहार, चालणं, योग, ध्यान यांच्या आधाराने ती बदलली. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचं पुस्तक मराठी घराघरांत पोचलं. अनेक घरांत ते कपाटात उभं असतं आणि घरमालक ते वाचायला निवांत वेळ मिळण्याची वाट पाहत असतो. चांगल्या कामाचा ताणही ताणच असतो, हा त्यातला मुद्दा समाजसेवकांइतकाच भरतीच्या उमेदवारालाही लागू पडतो.

आता प्रत्यक्ष वेळापत्रक. जोरात धावण्याच्या दिवसानंतर हलका दिवस ठेवावा. हलका म्हणजे धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर कमी करावं. धावून आल्यावर तासाभरात पेज किंवा भात-वरण आणि अंडी खावीत. उपाशीपोटी बढाया मारत बसू नये. सकाळी अंथरुणात असतानाच नाडी मोजावी. नेहमीपेक्षा मिनिटाला सात-आठ ठोके जास्त पडत असतील, जेवण जात नसेल, जिने चढताना पाय जड वाटत असतील आणि आईचं साधं बोलणंही टोचत असेल, तर शरीर तिसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर आहे असं समजावं आणि दोन दिवस धावू नये. कुणी विचारलं तर गावाच्या समाधानासाठी ताप आहे असं सांगायला हरकत नाही.

चाचणीच्या आधीचे दोन आठवडे सर्वांत अवघड, कारण त्यात कमी करायचं असतं. वेग तोच ठेवून अंतर निम्म्यावर आणावं. या काळात पाय हलके होतात, अंगात उगाच जोर येतो आणि उमेदवाराला वाटतं की आपण तयारी विसरत चाललोय. ते हलकेपण म्हणजे आधीच्या महिन्यांची मजुरी. ती शेवटच्या चार दिवसांत रस्त्यावर उधळू नये. शिवाय याच दिवसांत प्रवेशपत्राची प्रत, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि त्या सगळ्यांच्या साक्षांकित झेरॉक्स गोळा करण्याची धावपळ सुरू होते. ती चाचणीत मोजली जात नाही, पोटऱ्यांत मात्र मोजली जाते. दाखले महिनाभर आधी काढून ठेवावेत. सेतू केंद्राची रांग हा व्यायामप्रकार चाचणीच्या आठवड्यात वर्ज्य समजावा.